रविवारचं पान कोरं का?

"मॅडम, सोमवार ते शनिवार मी एकदम पक्का असतोय. रविवारी घोळ होतोय बघा."

पहिल्याच भेटीत एवढं बोलून अण्णांनी वही माझ्यापुढं सरकवली. (त्यांना विचारूनच लिहितेय, नाव आणि ओळख पटेल अशा गोष्टी बदलल्या आहेत.) कोल्हापूरच्या उद्यमनगरात त्यांचं टर्निंगचं छोटं वर्कशॉप, वय पंचेचाळिशीच्या आसपास. तरुणपणी पेठेच्या संघातून फुटबॉल खेळले. खेळ सुटला, खुराक तेवढा राहिला. वजन ९१ किलो, कंबर १०२ सेंटिमीटर. आपल्याकडच्या पुरुषांत ९० च्या पुढची कंबर धोक्याची धरतात. तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी तपासणी ६.१ आली होती, म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. डॉक्टरांनी आहारतज्ज्ञांकडं पाठवलं, त्यांनी तक्ता दिला. दोन महिने झाले तरी काटा हलेना, तेव्हा त्यांनी माझ्याकडं, खाण्याच्या सवयींवर काम करणाऱ्या समुपदेशकाकडं, धाडलं.

"आठवडाभर सांभाळतो, एक जेवण सगळ्यावर पाणी फिरवतं" ही तक्रार मी आठवड्यातून तीनचारदा तरी ऐकते. कोल्हापुरात रविवारी सकाळी मटणाच्या दुकानापुढं पिशवी घेऊन उभं राहिलेल्या माणसाला "मोह टाळा" म्हणून सांगणं मला तरी जमत नाही. मीही त्याच रांगेत असते.

वही उघडली. हिशोबाला वापरतात तसली, लाल रेघांची. बारीक अक्षरात रोजचं लिहिलेलं: ज्वारीची भाकरी दीड, मेथी, ताक, दुपारी काकडी. शनिवारपर्यंत ओळीनं सगळं. रविवारचं पान कोरं, ते ठीक. पण मागंपुढं चाळताना दिसलं, सोमवारचं पानही कोरं. एका आठवड्यात तर मंगळवारचंही.

"सोमवारी काय झालं?"

"सोमवारी काय, रविवारचं उरलेलं असतंय की. आणि एकदा गेलंच म्हटल्यावर..."

वाक्य त्यांनी तिथंच सोडलं. पुढचे दोन महिने आम्ही त्या अर्ध्या वाक्यावरच काम केलं.

मग म्हटलं, मागचा रविवार सांगा, अगदी शनिवारी संध्याकाळपासून. शनिवारी रात्री ते जेवले नव्हते. रविवारी सकाळी नुसता चहा. "दुपारी खायचंच हाय, तर जागा ठेवाय नको?" तीन भावांची कुटुंबं जुन्या घरी जमतात, चुलीचा ताबा अजून आईकडं. दीड वाजता पान वाढलं जातं. तोवर माणूस आदल्या दिवसापासून उपाशी. रश्शाचं वर्णन मात्र त्यांनी असं केलं की माझ्या तोंडाला पाणी सुटलं: मटण शिजवलेल्या अळणी पाण्यात नारळाचं दूध घातलेला पांढरा, त्यात लवंगेचा वास, वाटी तोंडाला लावली की घशातून ऊब खाली उतरतेय. मग तांबडा. मग सुकं.

"आणि तिसरी भाकरी कशी होती?"

अण्णा गप्प. पुष्कळ वेळानं म्हणाले, "तिसरी आठवत न्हाई वो." चौथीही आठवत नव्हती. वर घेतलेला भातही नाही. पहिली दहा मिनिटं ते जेवले होते, बाकीचं नुसतं पोटात गेलं होतं. कडकडीत भूक घेऊन पंगतीला बसल्यावर हेच होतं. पोट भरल्याची खबर मेंदूला उशिरा पोहोचते, तोवर हात थांबत नाही.

इथं माझी एक चूक सांगायला हवी. अण्णांचा उत्साह बघून मी दुसऱ्याच भेटीत सुचवलं की दोनतीन रविवार जुन्या घरी जाऊच नका, सवय मोडेल. ते गेले नाहीत. "काम आलंय" अशी थाप मारली. दुपारी वर्कशॉपमध्ये एकटे बसले, डब्यातली भाजी-भाकरी खाल्ली, आणि रात्री सगळे झोपल्यावर स्वयंपाकघरात उभ्याउभ्या पाव किलो फरसाण संपवलं. हे सांगताना त्यांची मान खाली होती. शब्द कुठला वापरला? "पाप केलं मॅडम." मटण खाल्ल्यावर ते कधी पाप म्हणाले नव्हते. चोरून खाल्लेल्या फरसाणाला म्हणाले. आईच्या हातचं जेवण, भावांची थट्टा, पोरांचा गोंधळ, हे सगळं मी एका फटक्यात काढून घेतलं होतं आणि बदल्यात काहीच दिलं नव्हतं. तो सल्ला मी त्याच दिवशी मागं घेतला.

"गेलंच आहे तर" या मनःस्थितीवर एक जुना प्रयोग आहे, तो मी त्यांना सांगितला. १९७५ साली हर्मन आणि मॅक या मानसशास्त्रज्ञांनी तो छापला. काही तरुणींना चव बघायच्या निमित्तानं आधी मिल्कशेक दिला, काहींना दिला नाही; नंतर सगळ्यांपुढं आईस्क्रीम ठेवलं, हवं तेवढं खा म्हणून. ज्या एरवी खाण्यावर ताबा ठेवत नव्हत्या, त्यांनी मिल्कशेकनंतर आईस्क्रीम कमी खाल्लं. साहजिकच आहे, पोटात आधीच भर पडली होती. पण ज्या कायम पथ्यावर असायच्या, त्यांनी मिल्कशेक प्यायल्यावर उलट जास्त आईस्क्रीम खाल्लं. नियम एकदा मोडला, मग आजचा दिवस गेलाच.

अण्णा हसले. "म्हंजे ह्या पोरी पण आमच्यातल्याच की."

पथ्य बाजूला ठेवून खायच्या दिवसाला "चीट डे" म्हणतात, तो शब्द मला म्हणूनच खटकतो. चीट म्हणजे लबाडी. आईनं वाढलेलं पान ही लबाडी कशी? आणि ती लबाडी ठरली, तर माणूस लबाडासारखाच खाणार: घाईनं, जास्त, आणि वहीत न लिहिता.

पुढचा अडथळा वजनकाटा. अण्णा दर सोमवारी सकाळी काट्यावर उभे राहायचे. रविवारच्या जेवणानंतर काटा दीडदोन किलो वर, मग दुपारी उद्यमनगरात वैतागून मिसळ, वर जादा कट. हिशोब सांगितला तर वर्कशॉपवाल्या माणसाला पटतो, म्हणून पेन हातात घेतलं. एक किलो चरबी म्हणजे साधारण ७,७०० कॅलरी. रविवारच्या एका जेवणात तुम्ही गरजेपेक्षा हजार-बाराशे जास्त खाल्ल्यात असं धरू. त्यातून चरबी होणार दीडशे ग्रॅमच्या आसपास. मग बाकीचे दीड किलो कुठून आले? बरंचसं पाणी. रश्शातलं मीठ पाणी धरून ठेवतं. भात-भाकरीतली साखर शरीर ग्लायकोजेन म्हणून साठवतं, त्या साठ्यातल्या प्रत्येक ग्रॅमबरोबर तीनेक ग्रॅम पाणी साठतं. शिवाय जेवण अजून आतड्यातच असतं.

पटलं का? तोंडानं "व्हय" म्हणाले, चेहऱ्यावर नव्हतं. मग म्हटलं, एक आठवडा रोज काट्यावर उभं राहा. रविवारी नेहमीसारखं जेवा, फक्त सोमवारपासून शिक्षा नको आणि मिसळही नको, तक्त्यातलं साधं खा. पुढच्या भेटीत आकडे घेऊन आले: शनिवारी ९०.८, सोमवारी ९२.४, मंगळवारी ९१.९, गुरुवारी ९०.९. गुरुवारच्या आकड्याभोवती त्यांनी पेनानं गोल काढला होता, दोनदा.

(हा रोजच्या काट्याचा उपाय सगळ्यांना देत नाही. काही जणांचा दिवस त्या आकड्यावर ठरतो, त्यांना मी काटा महिनाभर कपाटावर ठेवायला सांगते. खाऊन झाल्यावर मुद्दाम उलटी काढणं, लपून भराभर खाणं वारंवार होणं, असं काही असेल तर तो वेगळा आजार आहे, मानसोपचारतज्ज्ञांना दाखवावं लागतं. म्हणून अण्णांना त्या फरसाणाबद्दल मी खोदून विचारलं. ते त्या दिवसापुरतंच होतं. आणि साखरेची गोळी किंवा इन्सुलिन चालू असणाऱ्यांनी जेवण चुकवायचे प्रयोग डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नयेत.)

मध्येच एक गंमत झाली. वहीत चहा कुठंच नव्हता. विचारलं तर म्हणाले, "चहा काय खाण्यात येतोय व्हय?" वर्कशॉपात येईल त्या गिऱ्हाइकाबरोबर एक, दिवसाचे सातआठ, प्रत्येकात दीड चमचा साखर. नुसत्या साखरेच्याच दिवसाला दोनशेच्या वर कॅलरी होतात, आठवड्याच्या चौदाशे. ज्या रविवारच्या जेवणाला आम्ही दोन महिने आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं होतं, त्याच्यावर ताण झाली ही! चार चहा बिनसाखरेचे करणं त्यांना आठवड्यात जमलं. त्या चहात त्यांचा जीव गुंतलेला नव्हताच.

तेवढ्यात आषाढ लागला. कोल्हापूरकरांना वेगळं सांगायला नको. मंगळवार-शुक्रवार पंचगंगेचं नवं पाणी वाजतगाजत टेंबलाई देवीला न्यायचं आणि मग गल्लोगल्ली मटणाची जेवणं. अण्णांच्या आषाढाची यादी आम्ही वहीच्या मागच्या पानावर केली: गल्लीची जत्रा, तालमीची जत्रा, मेव्हण्यांची, दोन गिऱ्हाइकांची, एका मित्राची, शिवाय चार रविवार, आणि शेवटी श्रावण बसायच्या आधीची ती आमावस्या. यातली कुठली जेवणं चुकली तर हळहळ वाटेल, असं विचारलं. झटकन बोट ठेवलं: गल्लीची, मेव्हण्यांची, आईकडचे रविवार. आणि बाकीची? "बोलावतात म्हणून जातोय." तिथं जायचं, पण घरून भाकरी-भाजी खाऊन, वाटीभर पांढरा घ्यायचा, चार माणसांत बसायचं, उठायचं. एका ठिकाणी ते जमलं नाही, तांबड्यानं घात केला. चालायचंच.

श्रावणात सगळं आपोआप सुधारेल असं त्यांना वाटत होतं. साबुदाण्याची खिचडी, वर शेंगदाण्याचं कूट आणि तूप, श्रावणी सोमवार आणि शनिवार दोन्ही उपास. मी एवढंच म्हटलं की तेही वहीत लिहा.

राहता राहिली आई. मला धास्ती याच गोष्टीची जास्त होती. बहात्तर वर्षांची बाई, तीन मुलं मटणाच्या वासावर वाढवलेली. तिच्या वाढण्याला नाही म्हणायचं म्हणजे तिलाच नाही म्हटल्यासारखं. साखर काठावर असल्याचं अण्णांनी घरी फक्त बायकोला सांगितलं होतं, आईला नाही. "उगं घोर लावून घेईल." आम्ही एक आख्खी भेट याच्यावर घालवली. काय बोलायचं, कधी बोलायचं. पंगतीत नको, सगळ्यांसमोर नको. शनिवारी संध्याकाळी, ती लसूण सोलत बसते तेव्हा. मी आई झाले, अण्णांनी माझ्यावर तीनदा तालीम केली आणि तिन्ही वेळा "डॉक्टर म्हणतात" असं बोलून डॉक्टरांच्या मागं लपले. चौथ्यांदा म्हणाले, "आई, मला भ्या वाटतंय." वडील साखरेनंच गेले होते, ते मला तेव्हा कळलं.

प्रत्यक्षात काय झालं ते त्यांनीच सांगितलं. आईनं लसूण सोलायचं थांबवलं नाही. म्हणाली, "आरं, मग आधी सांगायचं न्हाईस व्हय? भात मी तुझ्यासाठीच टाकत होते. बाकी कोण खातंय?"

भाताचं पातेलं त्या रविवारपासून निम्म्यावर आलं. अण्णा आता रविवारी सकाळी पोहे किंवा दोन अंडी खाऊन जातात. पहिल्या पंगतीला वाढायला उभे राहतात आणि दुसऱ्या पंगतीला बसतात. ही युक्ती माझी नाही, त्यांचीच. वाढणाऱ्याला आग्रह करायला कुणाला सवडच होत नाही, म्हणतात. पाच महिन्यांत साडेचार किलो उतरले. आहारतज्ज्ञांना आणखी हवे होते, अण्णांनाही. परवाच्या तपासणीत साखर ५.९ आली.

मागच्या भेटीत वही चाळली. रविवारच्या पानावर लिहिलं होतं: "पांढरा २ वाट्या. तांबडा १. मटण पोटभर. भाकरी दीड, आईनं अर्धी टाकली ती पण खाल्ली. दुपारी झोपलो."

खाली सोमवार: "पोहे. बिनसाखरेचा चहा, बेकार."