स्मरणिका लिहायला बसलेल्या मुलीला

प्रिय पोरी,

देवळाच्या ज्युबिलीची स्मरणिका फादरांनी तुझ्याकडे सोपवली, हे ऐकून बरं वाटलं. तू पाठवलेला मसुदा दोनदा वाचला. भाषा नीटनेटकी आहे, पण नाव बदललं की तो वसईतल्या कुठल्याही देवळाला चालेल. 'सेवेचा अखंड वारसा', 'समाजाप्रती असलेली बांधिलकी' वगैरे वाक्यं मीही एके काळी ढीगभर लिहिली आहेत, म्हणून लांबूनच ओळखू येतात. (आणि हो, पहिल्याच पानावर सांगून टाक की आपण वसईकर चर्चला देऊळच म्हणतो. बाहेरचा वाचक उगीच गोंधळायला नको.)

माझी चूक आधी सांगतो. पंचवीस वर्षांपूर्वी अशीच एक स्मरणिका मी केली होती. सगळ्या प्रमुख धर्मगुरूंचे फोटो ओळीने, देणगीदारांची पानं, शुभेच्छांच्या जाहिराती. देवळाशेजारच्या खोलीत सिस्टरांचा दवाखाना चालायचा. तिथे एक बाई रोज पहाटे स्टोव्ह पेटवून काचेच्या सिरिंजा उकळायची, वीसेक वर्षं. तिचं नाव कुठेच आलं नाही. अंक मीच तिला घरी नेऊन दिला. तिने लुगड्याला हात पुसले, सगळी पानं उलटून पाहिली आणि म्हणाली, "छान झालंय मास्तर, फोटो चांगले आलेत." त्या वाक्यातून मी अजून सुटलेलो नाही. तू तिच्यासारख्यांपासून सुरुवात कर. फोटो मागाहून लावता येतात.

जुनेपणाचा तोरा फार मिरवू नकोस. 1534 च्या तहाने वसई पोर्तुगीजांकडे आली, त्याच शतकात इथली पहिली देवळं उभी राहिली, हे दोन ओळींत संपव. पण त्या दोन ओळी प्रामाणिक असू देत. त्या राजवटीत सक्ती झाली तिथे सक्ती असंच लिही. 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी किल्ला घेतला, किल्ल्यातली देवळं ओस पडली, घंटा पेशव्यांचे सरदार घेऊन गेले. नाशिकला नारोशंकराच्या देवळात 1721 साल कोरलेली घंटा आहे, ती वसईच्या स्वारीतली मानतात. आपली घंटा दुसऱ्याच्या देवळात वाजते, याचं मला तरी कधी वाईट वाटलं नाही. तुला काय वाटतं ते तू लिही.

जागा खर्च करायची ती 1918 वर. त्या वर्षी मोन्सिन्योर पी. जे. मोनीस यांनी इथल्या लोकांसाठी पतसंस्था काढली. आज जिला आपण सगळे 'कॅथलिक बँक' म्हणतो, ती हीच. धर्मगुरूला बँक कशाला काढावीशी वाटली, हा प्रश्न लेखात सरळ विचार. उत्तर आपल्या वाडीत आहे. केळी आणि पानवेल यांचं पीक हाती येईपर्यंत घरात पैसा नाही आणि मधल्या महिन्यांत सावकार दारात. व्याज घेणं पाप आहे असं प्रवचनात कितीही सांगा, त्याने सावकार जात नाही. स्वस्त कर्ज मिळालं की जातो. माझ्या वडलांनी विहिरीवर ऑइल इंजिन बसवायला कर्ज काढलं होतं. त्याचा कागद माझ्याकडे आहे. जामीन दोन, एकाची सही आणि एकाचा अंगठा. अंगठा शेजारच्या काकांचा. ज्यांना स्वतःचं नाव लिहिता येत नव्हतं ते दुसऱ्याच्या कर्जाला उभे राहिले, ही गोष्ट देवळाच्या इतिहासात बसते की नाही? मला वाटतं, तीच बसते. कागदाचा फोटो काढून ने, मूळ कागद देणार नाही.

हरित वसईचं, म्हणजे इथलं पाणी आणि वाड्या वाचवायच्या चळवळीचं प्रकरण तू एका परिच्छेदात उरकलं आहेस. फादर फ्रान्सिस दिब्रिटोंचं नाव, 2020 च्या उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद, झालं. टँकर रात्रंदिवस पाणी उपसत होते, विहिरी मचूळ होत होत्या, बिल्डरांची नजर वाड्यांवर होती. तेव्हा हे लोक रस्त्यावर आले, आणि त्यात फक्त ख्रिस्ती नव्हते. शेजारच्या गावातले हिंदू शेतकरीही होते, त्यांच्याकडे जा. आणि टँकरला पाणी देणाऱ्यांतही आपलेच काही जण होते, त्यांना वगळू नकोस. नाव न घेता लिहिता येतं. एखाद्या बाईला विचार, मोर्च्याला जाताना घरी स्वयंपाक कोणी केला. यातून जे निघेल ते भाषणांत सापडणार नाही.

एक गोष्ट मात्र लिहायची नाही. व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीचे, म्हणजे गरजू घरांना मदत करणाऱ्या आपल्या मंडळाचे लोक जोडीजोडीने ज्या घरांत जातात, त्या घरांची नावं नाहीत, फोटो नाहीत, 'लाभार्थी' हा शब्दसुद्धा नको. 1833 साली पॅरिसमध्ये ओझानामने हे काम सुरू केलं तेव्हापासून घरी जाऊन भेटायची पद्धत आहे, बोभाटा करायची नाही. कोणाच्या पोराची फी कोणी भरली हे मला ठाऊक आहे, तुला सांगणार नाही, आणि तू विचारूही नकोस.

आता कामाचं. फादरांची परवानगी काढून जुन्या वह्या बघ. बाप्तिस्म्याच्या वह्या सगळे चाळतात, आपापले पणजोबा शोधायला. तू मृत्यूची वही काढ. लॅटिनला घाबरू नकोस, महिने आणि आकडे कळतात. 1918 चा ऑक्टोबर उघड. पतपेढी निघाली त्याच वर्षी मुंबई इलाख्यात इन्फ्लुएंझाने थैमान घातलं होतं. त्या महिन्यातल्या ओळी मोज. शाईपेन जवळ नेऊ नकोस, शिसपेन ने. आणि मध्येच कुठे अक्षर बदललेलं दिसतं का, ते बघ. दिसलं तर रात्र असो की पहाट, मला फोन कर.

तुझा,
सर