बी१२चा आकडा नॉर्मल असला तरी ते कोणत्या प्रथिनावर आहे ते बघा

तुमच्या वडिलांबद्दलचं वाचलं. वय ६८, शुगरसाठी बरीच वर्षं मेटफॉर्मिन, रोज सकाळी ॲसिडिटीसाठी (जठरातलं आम्ल कमी करणारी) पॅन्टोप्राझोल, पायाला मुंग्या, चप्पल निसटली तरी कळत नाही, आणि बी१२ २९०, म्हणजे लॅबच्या छापील मर्यादेत. डॉक्टरांनी शुगरचा परिणाम म्हणून विषय संपवला. तो इतक्यात संपू देऊ नका. माझ्या आईची सुरुवात अशीच झाली होती, चपलेची गोष्टसुद्धा तीच.

मी डॉक्टर नाही. डोस सांगणार नाही, आणि इथल्या कुणाच्याही सांगण्यावरून घेऊ नका. बी१२ कशातून मिळतं, शाकाहाऱ्यांनी काय खावं हे इथे अनेकदा लिहून झालंय, ते सोडून देते.

रक्तात बी१२ मोकळं फिरत नाही, दोन प्रथिनांना धरून असतं. साधारण ७० ते ८० टक्के असतं हॅप्टोकॉरिनवर, आणि यकृत सोडलं तर बहुतेक पेशींना त्याच्यावरचं बी१२ घेताच येत नाही. उरलेलं २० ते ३० टक्के असतं ट्रान्सकोबालामिनवर. पेशींच्या पृष्ठभागावर सीडी३२० नावाचा ग्राहक (रिसेप्टर) असतो, तो फक्त या दुसऱ्या प्रथिनाला आत घेतो. नसा आणि अस्थिमज्जा यांची भिस्त त्याच्यावरच. नेहमीची टेस्ट मात्र दोन्हीची बेरीज देते. तालुक्याच्या गोदामात धान्य आलं म्हणून घरातली चूल पेटत नाही, तसंच हे.

हे आपल्याकडेच दिसून आलंय. पुण्यातल्या २०४ जणांवरचा एक अभ्यास २००१ साली प्रसिद्ध झाला, डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि हेल्गा रेफसुम हे संशोधक त्यात होते. एकूण बी१२ कमी असलेले निघाले ४७ टक्के, तर ट्रान्सकोबालामिनवरचं बी१२ कमी असलेले ७३ टक्के. मधल्या लोकांना नुसत्या नेहमीच्या टेस्टवर 'नॉर्मल' म्हणून घरी पाठवलं असतं.

आता तुमच्या वडिलांची औषधं बघा. अन्नातलं बी१२ जठरातल्या आम्लाने सुटं होतं, लाळेतून आलेलं हॅप्टोकॉरिन ते धरतं, लहान आतड्यात स्वादुपिंडाचे रस ते हॅप्टोकॉरिन तोडतात, आणि मग जठराने तयार केलेलं इंट्रिन्सिक फॅक्टर नावाचं प्रथिन बी१२ला घेऊन लहान आतड्याच्या शेवटच्या भागापर्यंत जातं. तिथे ते शोषलं जातं. पॅन्टोप्राझोल पहिल्याच पायरीवर आडवं येतं, मेटफॉर्मिन शेवटच्या. एकाच माणसाला दोन्ही वर्षानुवर्षं चालू असतील, तर बी१२वर कुणीतरी नियमित लक्ष ठेवायलाच हवं, असं माझं ठाम मत आहे. पण म्हणून गोळ्या परस्पर बंद करू नका.

आईचं कारण वेगळं होतं. तिचं शरीर इंट्रिन्सिक फॅक्टरच्याच विरोधात अँटीबॉडी तयार करत होतं. इथेच आमचं सगळ्यात जास्त नुकसान झालं, म्हणून सविस्तर लिहिते.

बऱ्याच मशीनच्या किटमध्ये नमुन्यातलं बी१२ पकडायला इंट्रिन्सिक फॅक्टरच वापरतात. रुग्णाच्या रक्तात त्याच प्रथिनाविरुद्ध अँटीबॉडी असतील तर त्या किटमधल्या प्रथिनालाही अडवतात, आणि प्रत्यक्षात कमी असलेलं बी१२ नॉर्मल किंवा चक्क जास्त दिसू शकतं. नमुन्यावर आधी प्रक्रिया करून या अँटीबॉडी नष्ट करायच्या असतात, पण दरवेळी ते पुरतं साधत नाही. हे पॅथॉलॉजीवाल्यांना नवीन नाही. आई मात्र तोंडावर साबण लावून डोळे मिटले की न्हाणीघरात झोकांड्या खात होती, आणि त्या नावाजलेल्या लॅबच्या काउंटरवर आम्हाला "रिपोर्ट नॉर्मल आहे, मशीन चुकत नाही" एवढंच ऐकवत होते. पॅथॉलॉजिस्टशी बोलू द्या म्हटलं, दिलं नाही. दुसऱ्या पद्धतीने करून बघा म्हटलं, आम्ही फक्त आकडा देतो म्हणाले. त्या आकड्यावर विसंबून एका डॉक्टरांनी लोह आणि फॉलिक ॲसिडचं टॉनिक दिलं. हिमोग्लोबिन चढलं, सगळे निश्चिंत झाले, पाय मात्र बिघडतच गेले. बी१२ कमी असताना नुसतं फॉलिक ॲसिड दिलं की असंच होतं, रक्त सुधारलेलं दिसतं आणि नसांची हानी चालूच राहते. पुढे एका न्यूरॉलॉजिस्टनी आकडा बाजूला ठेवून तिच्या पायाच्या अंगठ्यावर ट्यूनिंग फोर्क (कंप पावणारा धातूचा काटा) टेकवला. कंप चालू होता आणि ती म्हणाली, "काही नाही." मग मिथिलमॅलोनिक ॲसिडची टेस्ट (पेशींना बी१२ पुरत नसेल तर हे आम्ल वाढतं) करायला सांगितलं, ते खूप वाढलेलं निघालं. इंजेक्शनं सुरू झाल्यावर तोल सावरला, तळव्यांची जाणीव पूर्ण परत आली नाही. त्या काउंटरवरच्या उत्तराचा मला अजूनही संताप येतो.

म्हणून तुम्ही डॉक्टरांकडे मिथिलमॅलोनिक ॲसिड आणि होमोसिस्टीनबद्दल विचारा. पेशींना बी१२ पोचत नसेल तर हे दोन्ही वाढतात. किडनी मंद असली तरी वाढतात, म्हणून क्रिएटिनिन सोबत हवं. ट्रान्सकोबालामिनवरचं बी१२ मोजणारी टेस्ट काही लॅबमध्ये 'ॲक्टिव्ह बी१२' नावाने मिळते. इंट्रिन्सिक फॅक्टरच्या अँटीबॉडीही बघा. त्या सापडल्या तर कारण जवळजवळ पक्कं, पण नाही सापडल्या म्हणून ते कारण बाद होत नाही. रक्त इंजेक्शनच्या आधी द्या, नंतरचे आकडे काही सांगत नाहीत. पण रिपोर्टची वाट बघत उपचार मात्र लांबवू नका. नसांना थांबायला वेळ नसतो.

गोळीने भागेल का, असं तुम्ही विचारलंय. इंट्रिन्सिक फॅक्टर अजिबात नसलं तरी मोठ्या डोसचा साधारण १ टक्का आपोआप शोषला जातो, म्हणजे १००० मायक्रोग्रॅममधले १० वगैरे. रोजची गरज २ ते अडीच मायक्रोग्रॅमची, त्यामुळे गोळी निरुपयोगी नाही. पण पायात लक्षणं उतरलेली असताना बहुतेक डॉक्टर इंजेक्शनने सुरुवात करतात, आणि मला ते पटतं.

आणि कुणी स्पिरुलिना सुचवली असेल तर तिच्यावर पैसे घालवू नका. तिच्यात मुख्यतः बी१२सारखं दिसणारं दुसरंच संयुग असतं. इंट्रिन्सिक फॅक्टर ते नीट धरत नाही, आणि माणसाच्या शरीराला त्याचा उपयोग नाही.

जुन्या रिपोर्टवर टेस्टची पद्धत बारीक अक्षरात छापलेली असते. ती आणि वडिलांचं एमसीव्ही (लाल रक्तपेशींचा सरासरी आकार) इथे टाका, आणि डॉक्टरांना ट्यूनिंग फोर्कची तपासणी याच आठवड्यात करायला सांगा.