आईच्या तोंडात पेम्फिगसचे फोड आहेत, पुढे कॅन्सर होईल का?

सहसा नाही. पेम्फिगस व्हल्गॅरिस, म्हणजे या आजाराचा नेहमीचा प्रकार, यात शरीराच्याच अँटीबॉडी पेशींना जोडून ठेवणाऱ्या डेस्मोग्लीन-३ या प्रथिनावर उठतात. पेशींची पकड सुटते, फोड येतो आणि लगेच फुटून तिथं सोलवटलेली जखम राहते. ही जखम म्हणजे कॅन्सरची पहिली पायरी नव्हे.

पण एक प्रकार उलटा चालतो: पॅरानिओप्लास्टिक पेम्फिगस. यात लिम्फोमासारखी (लसिका ग्रंथींचा कॅन्सर) गाठ आधीच अंगात असते आणि तिच्यामुळे तोंड सोलतं, ओठांवर खपल्या धरतात. हा दुर्मिळ, १९९० साली तो वेगळा ओळखला गेला. उपचाराला दाद न देणारं तोंड, घटतं वजन, मानेत किंवा काखेत गाठी असं असेल तर डॉक्टरांना स्पष्ट विचारा. म्यूकस मेम्ब्रेन पेम्फिगॉइड या तोंडात फोड आणणाऱ्या वेगळ्या आजारातही लॅमिनिन-३३२ या प्रथिनाविरुद्ध अँटीबॉडी निघाल्या तर अंगात कुठे कॅन्सर नाही ना, हे तपासतात.

पेम्फिगससाठी दिली जाणारी, प्रतिकारशक्ती दाबणारी अझाथायोप्रिन ही गोळी वर्षानुवर्षं चालली तर त्वचेच्या कॅन्सरची आणि लिम्फोमाची जोखीम थोडी वाढते, म्हणून फॉलोअप चुकवू नका. स्टेरॉइडच्या गोळ्या मात्र मनानं एकदम बंद करू नका, ते जिवावर बेतू शकतं.

आई मिश्री लावतात का, गालात तंबाखू धरतात का? आपल्या मराठवाड्यात तोंडाच्या कॅन्सरची खरी भीती तिथं आहे. दोन-तीन आठवड्यांत न भरणारी, कडक लागणारी जखम पेम्फिगसच्या नावावर खपवू नका. संभाजीनगरला घाटीत (सरकारी रुग्णालयात) किंवा शासकीय दंत महाविद्यालयात दाखवून बायोप्सी (जखमेचा छोटा तुकडा काढून तपासणी) करून घ्या. तोवर ठेचा बंद, भाकरी दुधात कुस्करून.