'ऑर्थोडॉक्स' म्हणाले आणि अबोला झाला

पत्र : लग्न होऊन पुण्याहून बडोद्याला, दांडिया बाजारात आले. गौरी जेवणाच्या दिवशी ऑफिसातून आले आणि तशीच पुरणाच्या पातेल्याला हात लावला. सासूबाईंनी ते बाजूला ठेवून पुन्हा डाळ शिजत घातली. मी चिडून नणंदेला म्हणाले, "आई किती ऑर्थोडॉक्स आहेत!" शेजारच्या बेननी त्यांना अर्थ सांगितला, 'जुनाट'. दहा दिवस अबोला आहे. एरवी त्या अशा नाहीत. भाचीने परजातीत लग्न केलं तेव्हा घरातून त्या एकट्याच गेल्या होत्या. शब्द इतका वाईट आहे का?

उत्तर : सूनबाई, शब्द वाईट नाही गं, भलत्याच माणसाला लागला. मूळ ग्रीक आहे. 'ऑर्थॉस' म्हणजे सरळ, बरोबर. 'डॉक्सा' म्हणजे मत. ठरलेल्या मतापासून तसूभरही न हलणारा तो ऑर्थोडॉक्स. ग्रीस-रशियातली चर्चं तर हा शब्द नावातच मिरवतात. आपल्याकडे 'सनातनी'चंही तेच, कुणी अभिमानाने लावून घेतो, कुणी दुसऱ्याला टोमणा म्हणून मारतो.

म्हणजे प्रश्न मतांचा. तुमच्या बडोद्यातच सयाजीरावांनी १९०४ साली बालविवाह रोखणारा कायदा केला, तेव्हा धर्म बुडाला म्हणून ओरडणाऱ्यांना हा शब्द शोभला असता. भाचीच्या लग्नाला एकटी जाणाऱ्या बाईला कसा शोभेल? तुझ्या सासूबाईंचा हट्ट स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापुरता आहे. त्याला आपल्याकडे 'कर्मठ' म्हणतात, पण मला तोही जड वाटतो. 'सोवळ्याच्या पक्क्या' म्हण, बस. (बेनना भाषांतराची एवढी घाई का होती, ते विचारायला हवं!)

सोवळं तुला पटत नसेल तर ते जरूर सांग, पण त्यांना, नणंदेला नव्हे. आणि सणाच्या दिवशी नको. दुपारभर उभं राहून शिजवलेलं पुरण पुन्हा घालावं लागलं, त्याचे कष्ट त्यांच्याच गुडघ्यांना पडले.

माफी माग. "चुकून बोलले" असं गुळमुळीत नको. त्या मेथी निवडत बसल्या की शेजारी बस, एक जुडी ओढून घे आणि म्हण, "आई, मला कंटाळा आला होता, राग आला होता, आणि तुम्हाला लागेल असं बोलले." मग विचार, ऑफिसातून आल्यावर नुसते हातपाय धुऊन चालेल, की आंघोळच हवी? आंघोळच म्हणाल्या, तर पुढच्या गौरींना अर्धी रजा टाक.