इंग्लंडमध्ये बोलण्याच्या ढबीवरून माणसाचा सामाजिक वर्ग ठरवतात का? बर्मिंगहॅममध्ये वाढणाऱ्या मुलाला उच्चारांची शिकवणी लावावी का?

ठरवतात, आणि पहिल्या दोन-तीन वाक्यांतच ठरवतात. आपला मुलगा शाळेत जाऊ लागल्यापासून ‘ब्रमी’, म्हणजे बर्मिंगहॅमच्या ढबीचे इंग्रजी, बोलू लागला आहे आणि त्यामुळे पुढे त्याचे नुकसान होईल, अशी आपली काळजी दिसते. याच शिकवणीवरून आमच्या घरात फार मोठा वाद झालेला आहे, म्हणून मी थोडे विस्ताराने लिहिते.

माझी मुलगी बर्मिंगहॅममध्येच जन्मली आणि वाढली. घरी ती माझ्यासारखे सांगलीकडचे मराठी बोलते, तर तिचे इंग्रजी अस्सल ब्रमी आहे; वाक्याच्या शेवटी खाली उतरणारा तो हेल तिथल्या कोणालाही लगेच ओळखू येतो. कायद्याची पदवी उत्तम गुणांनी मिळवल्यावर लंडनमधल्या एका मोठ्या सॉलिसिटर (वकिलांच्या) फर्मने तिला ट्रेनिंग कॉन्ट्रॅक्टच्या, म्हणजे वकिलीच्या उमेदवारीच्या, मुलाखतीसाठी बोलावले. मुलाखत घेणाऱ्या ज्येष्ठ भागीदाराने तिचे बोलणे थोडा वेळ ऐकून घेतले आणि विचारले, की तुझे वडील बर्मिंगहॅमजवळच्या लाँगब्रिजच्या मोटार कारखान्यात होते का. २००५ मध्ये रोव्हर कंपनी बुडाली तेव्हा त्या कारखान्यातल्या हजारो कामगारांच्या नोकऱ्या गेल्या होत्या आणि हा प्रश्न त्याच अर्थाने, काहीशा सहानुभूतीच्या सुरात, विचारलेला होता. माझे वडील भूलतज्ज्ञ आहेत, असे तिने सांगितल्यावर त्या गृहस्थांचा सूरच बदलला, ते मोकळेपणाने हसले आणि पुढचे प्रश्न बरोबरीच्या माणसाला विचारावेत तसे विचारू लागले. तरीही नकार आलाच. उत्तरे उत्कृष्ट होती, परंतु आमच्या अशिलांना तुमच्या बोलण्याची सवय नाही, असे तिला फोनवर सांगण्यात आले.

ही हकिगत ऐकून सरे परगण्यात राहणारे माझे मोठे दीर संतापले. डॉक्टरच्या मुलीला मजुराची मुलगी समजले, हा त्यांच्या मते अपमान होता, आणि त्यावर उपाय म्हणून त्यांनी उच्चार सुधारून देणाऱ्या एका बाईंचा पत्ता पाठवला. माझा संताप नेमका उलट्या कारणासाठी होता आणि आजही आहे. तिचे वडील खरोखरच लाँगब्रिजला गाड्यांची दारे बसवत असते, तरी तिची उत्तरे तीच राहिली असती. मग केवळ बापाचा व्यवसाय कळल्यावर ती एकाएकी ऐकण्याजोगी का झाली? तिचे उच्चार तर तेवढ्या वेळात बदललेले नव्हते.

काही उच्चार मुळातच भारदस्त असतात आणि काही गावंढळ, असे अनेकांना मनापासून वाटते. ते खरे नाही. इंग्लंडमध्ये शब्दाच्या शेवटचा ‘र’ स्पष्ट उच्चारणारा माणूस खेडवळ, नैऋत्येकडचा शेतकरी समजला जातो, तर न्यू यॉर्कमध्ये भाषाशास्त्रज्ञ विल्यम लबॉव्ह यांनी १९६० च्या दशकात दुकानांतल्या विक्रेत्यांचे बोलणे तपासले, तेव्हा हाच ‘र’ महागड्या दुकानात सर्वाधिक आणि स्वस्त दुकानात सर्वांत कमी ऐकू आला. सामाजिक मानसशास्त्रज्ञ हॉवर्ड जाइल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७४ मध्ये ग्रीक न येणाऱ्या ब्रिटिश विद्यार्थ्यांना अथेन्सची प्रतिष्ठित आणि क्रीटची कमी प्रतिष्ठेची अशा दोन्ही बोली ऐकवल्या, तेव्हा त्यांना कोणती बोली उच्च आहे हे ओळखता आले नाही. ज्याला आरपी (रिसीव्ह्ड प्रोनन्सिएशन) म्हणतात, ते ‘शुद्ध’ इंग्रजी एका विशिष्ट खासगी निवासी शाळांच्या जाळ्यातून घडले, बीबीसीने ते घरोघरी पोहोचवले, आणि तरीही ते बोलणारे लोक तीन टक्क्यांच्या आसपासच असावेत, असा भाषाशास्त्रज्ञ पीटर ट्रडगिल यांचा १९७० च्या दशकातला अंदाज होता. कानाला जे गोड लागते, ते बहुतेक वेळा पैशाच्या आणि सत्तेच्या आठवणीमुळे लागते.

याचा परिणाम नोकरीपुरताच राहत नाही. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात पोलिसांच्या चौकशीचे ध्वनिमुद्रण ऐकवले, तेव्हा ब्रमी बोलणारा संशयित हा आरपी बोलणाऱ्यापेक्षा अधिक दोषी वाटल्याचे श्रोत्यांनी नोंदवले.

दीर प्रत्येक वेळी मार्गारेट थॅचर यांचे उदाहरण देतात. त्यांनी आवाज आणि उच्चार घडवून घेतले आणि किराणा दुकानदाराची मुलगी पंतप्रधान झाली, हे खरेच आहे. परंतु १९८३ मध्ये संसदेत विरोधकांवर तुटून पडताना त्यांच्या तोंडून ‘फ्रिट’ हा घाबरलेल्या माणसासाठीचा, त्या जिथे वाढल्या त्या लिंकनशायरचा गावाकडचा शब्दच बाहेर पडला, हे ते कधी सांगत नाहीत. याच दिरांनी मी नवी नवरी असताना माझ्या ‘पानी’चे ‘पाणी’ करून घेण्यासाठी सगळ्या पंगतीसमोर मला पुन्हा पुन्हा बोलायला लावले होते. ती सुधारणा नव्हती. मी कोणत्या घरातून आले आहे, हे सर्वांना दाखवून देण्याची ती पद्धत होती.

मुलगी त्या बाईंकडे गेली नाही. आज ती बर्मिंगहॅममध्येच कामगार कायद्याचे काम करते.

काही गोष्टी मात्र सांगितल्या पाहिजेत. परिस्थिती सर्वत्र आमच्या अनुभवाइतकी वाईट नाही. लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठाच्या अलीकडच्या संशोधनात उच्चारांची नुसती नावे समोर ठेवली तेव्हा ब्रमी आणि भारतीय हे दोन्ही उच्चार खालच्या गटात गेले, परंतु प्रत्यक्ष उत्तरे ऐकवल्यावर अनुभवी वकिलांनी बऱ्याच अंशी उत्तरांच्या गुणवत्तेवरच निवाडा केला. कायद्याचा आधार मात्र तोकडा आहे, कारण २०१० च्या समता कायद्यात वंश आणि राष्ट्रीयत्व यांना संरक्षण असले, तरी सामाजिक वर्गाला किंवा इंग्लंडमधल्या प्रादेशिक ढबीला ते नाही. माझी मुलगीही न्यायाधिकरणासमोर थोडे सावकाश आणि ठळक बोलते, आणि ते तिला कोणी शिकवावे लागले नाही.

तेव्हा आपला मुलगा अडखळत किंवा पुटपुटत बोलत असेल, तर स्पष्ट बोलण्याचा सराव अवश्य करून घ्यावा, त्यासाठी शाळेची वादविवाद मंडळे पुरेशी आहेत. तो कोणत्या शहरात वाढला, हे लपवण्यासाठी मात्र पैसे खर्च करू नयेत, आणि कोणी नातेवाईक असा पत्ता पाठवील, तर डॉक्टरचा मुलगा मजुराचा वाटला म्हणून नेमके काय बिघडते, हे त्यांनाच विचारावे. माझ्या दिरांनी या प्रश्नाचे उत्तर अजून दिलेले नाही.