बहुमत हातात असूनही चर्चिलने विरोधकांना मंत्री का केलं?

प्रश्न असा आहे की 1940 साली ब्रिटनमध्ये चर्चिलच्या पक्षाकडे स्वतःचं बहुमत होतं, तरी त्याने विरोधी पक्षाला सरकारात का घेतलं आणि ते सरकार पाच वर्षं न भांडता टिकलं कसं.

भांडणं झाली, चिक्कार झाली, त्याकडे येतो. आधी पहिला भाग, कारण तिथेच बऱ्याच जणांची गल्लत होते. आघाडी सरकार म्हटलं की आपल्या डोक्यात लगेच 145 चा आकडा, फोडाफोडी, रिसॉर्ट वगैरे येतं. इथे त्यातलं काहीच नव्हतं. 615 च्या सभागृहात विरोधी मजूर पक्षाचे 1935 च्या निवडणुकीत 154 निवडून आले होते, म्हणजे चर्चिलच्या हुजूर पक्षाला त्यांच्या मतांची गरजच नव्हती. गरज होती ती कोळशाच्या खाणी, गोद्या, विमानाचे कारखाने यांची, आणि तिथे राबणारी माणसं हुजूर पक्षाचं ऐकणारी नव्हती. चर्चिलचं तर मुळीच नाही, कारण 1926 च्या सार्वत्रिक संपात हाच माणूस सरकारी पेपर चालवून संपकऱ्यांवर तुटून पडला होता. त्यामुळे युद्ध लढायचं तर कामगारांची माणसं सरकारात हवीत, आणि नुसती शोभेला नाही तर खऱ्या खात्यांसकट.

नॉर्वेतली मोहीम फसल्यावर 7 आणि 8 मे 1940 ला संसदेत जी चर्चा झाली तिच्यातून हे सगळं सुरू झालं. तेव्हा पंतप्रधान होता हुजूर पक्षाचाच चेंबरलेन. त्याच्याच पक्षाचा लिओ एमरी उभा राहिला आणि त्याने क्रॉमवेलचे जुने शब्द वापरून स्वतःच्या पंतप्रधानाला तोंडावर सांगितलं की देवासाठी आता जा. मतदानात चेंबरलेन 281 विरुद्ध 200 असा जिंकला, पण त्याचं नेहमीचं बहुमत 200 च्या वर असायचं, ते एकदम 81 वर आलं. मग त्याने मजूर पक्षाला विचारलं, माझ्या सरकारात येता का. त्यांचं अधिवेशन भरणार होतं बोर्नमथला, त्यांचा नेता ॲटली आणि उपनेता ग्रीनवुड तिकडे गेले, कार्यकारिणीशी बोलले आणि 10 मे ला फोनवर उत्तर दिलं की सरकारात येऊ पण तुमच्या हाताखाली नाही. त्याच दिवशी पहाटे हिटलर हॉलंड-बेल्जियममध्ये घुसला होता. पंतप्रधानपदासाठी दुसरं नाव होतं परराष्ट्रमंत्री हॅलिफॅक्सचं, पण त्याने आदल्या दिवशीच अंग काढून घेतलं होतं. संध्याकाळी चर्चिल पंतप्रधान. म्हणजे चेंबरलेनला खुर्चीवरून उठवणारा शेवटचा धक्का विरोधी पक्षाचा होता, आणि हे चर्चिल पुढे कधी विसरला नाही असं मला वाटतं.

वॉर कॅबिनेट, म्हणजे युद्धाचे निर्णय घेणारं छोटं मंत्रिमंडळ, फक्त पाच जणांचं. चर्चिल, चेंबरलेन, हॅलिफॅक्स, आणि मजूर पक्षाचे ॲटली आणि ग्रीनवुड. आता बघा, तिसऱ्याच आठवड्यात, 26 ते 28 मे, फ्रान्समधल्या डंकर्कवरून सैन्य परत येईल की नाही कुणालाच माहीत नाही आणि परराष्ट्रमंत्री हॅलिफॅक्स म्हणतोय की इटलीमार्फत तहाचं काही जमतंय का बघू. बैठकांवर बैठका झाल्या. चेंबरलेन आधी दोन्हीकडे, मग हळूहळू चर्चिलकडे झुकला. पण पहिल्यापासून ठाम होते ते मजूर पक्षाचे दोघं, त्यांनी बोलणी नकोच म्हणून सांगितलं. 28 ला संध्याकाळी चर्चिलने वॉर कॅबिनेटबाहेरचे पंचवीसेक मंत्री संसदेतल्या आपल्या खोलीत बोलावले आणि सांगितलं की आपण लढत राहणार. कुणीही विरोध केला नाही, उलट उठून त्याच्याभोवती गोळा झाले, हे मजूर पक्षाच्याच डाल्टनने डायरीत लिहून ठेवलंय. नुसतं हुजूर पक्षाचं सरकार असतं तर ते तीन दिवस कसे गेले असते कोण जाणे.

माझ्या मते या सरकारातला सगळ्यात मोठा माणूस चर्चिलनंतर अर्नेस्ट बेव्हिन. आठव्या वर्षी पोरका, अकराव्या वर्षी शेतावर मजूर, ब्रिस्टलमध्ये घोडागाडी हाकली, आणि पुढे ब्रिटनमधली सगळ्यात मोठी कामगार युनियन उभी केली. मंत्री झाला तेव्हा खासदारही नव्हता, नंतर पोटनिवडणुकीत बिनविरोध आणला. त्याला कामगार खातं दिलं. 22 मे ला एका दिवसात कायदा पास झाला की सरकार कुठल्याही माणसाचे श्रम आणि कुठलीही मालमत्ता ताब्यात घेऊ शकतं. श्रम आणि मालमत्ता दोन्ही, ही जोडी महत्त्वाची, कारण कामगाराला सक्ती आणि मालकाला मोकळीक असं झालं असतं तर युनियनवाले एक दिवस टिकले नसते. जादा नफ्यावर 100 टक्के कर लागला तो पण त्याच दिवसांत. 1941 च्या आदेशात महत्त्वाच्या कारखान्यातल्या कामगाराला नोकरी सोडायला बंदी, पण मालकालाही काढायला बंदी, वर किमान पगाराची हमी. कॅन्टीन सुद्धा मोठ्या दारूगोळा कारखान्यांना बंधनकारक केलं.

आणि ते बेव्हिन बॉइज. 1943 च्या शेवटी कोळशाला माणसं कमी पडायला लागली तेव्हा त्याने काय केलं, तर मंत्रालयात 0 ते 9 आकड्यांच्या चिठ्ठ्या हॅटमध्ये टाकून काढायच्या, आणि सैन्यभरतीच्या वयाच्या ज्या पोराच्या नोंदणी नंबरचा शेवटचा आकडा तो निघेल त्याने फौजेत न जाता खाणीत उतरायचं. वकिलाचा मुलगा असो की हमालाचा. पोरं चिडली, कारण वर्दी घालायची स्वप्नं आणि हातात आलं फावडं, पण चिठ्ठीत वशिला चालत नाही एवढं सगळ्यांना दिसत होतं.

आता भांडणं. विमान खात्याचा बीव्हरब्रुक आणि बेव्हिन यांचं कधीच पटलं नाही, एकाला दुसऱ्याचे कामगार हवे असायचे. बेव्हिन आणि गृहमंत्री मॉरिसन तर एकाच पक्षाचे, तरी एकमेकांना पाण्यात बघायचे, 1943 मध्ये मॉरिसनने फॅसिस्ट नेता मोझ्लीला तुरुंगातून सोडलं तेव्हा बेव्हिन भडकला होता. त्याच वर्षी बेव्हरिजचा सामाजिक सुरक्षेचा अहवाल सरकारने जरा थंड्या बस्त्यात टाकल्यासारखं केलं तर मजूर पक्षाचे मागच्या बाकांवरचे बरेचसे खासदार स्वतःच्याच मंत्र्यांच्या विरोधात गेले, 121 मतं पडली. पण सरकार फुटलं नाही, कारण वाटणी साफ होती. युद्ध चर्चिल बघणार, आणि घरातला कारभार समित्यांमधून ॲटली, बेव्हिन, मॉरिसन, अँडरसन बघणार. चर्चिलला त्या फायलींत रस नव्हता हे त्यांच्या पथ्यावरच पडलं.

आपल्या दृष्टीने मात्र याची एक वाईट बाजू आहे आणि ती सांगितल्याशिवाय उत्तर पूर्ण होत नाही. या सरकारात भारताशी संबंध आलेली माणसं किती होती बघा. ज्याला काळे झेंडे दाखवले तो सायमन लॉर्ड चान्सलर, त्याच्या कमिशनचा सदस्य ॲटली उपपंतप्रधान, गांधीजींशी करार करणारा आयर्विन म्हणजेच हॅलिफॅक्स, बंगालचा माजी गव्हर्नर अँडरसन, आणि भारतमंत्री तोच एमरी, ज्याचा जन्म गोरखपूरचा. 1942 मध्ये क्रिप्स दिल्लीला आला तो यातल्या बऱ्याच जणांनी मिळून बनवलेला प्रस्ताव घेऊन, आणि ती समिती ॲटलीच्या अध्यक्षतेखाली होती. ऑगस्टमध्ये गवालिया टँकवर छोडो भारतचा ठराव झाला आणि 9 तारखेला पहाटे गांधीजींना पुण्याच्या आगाखान पॅलेसला, नेहरू-पटेल-आझादांना नगरच्या किल्ल्यात नेलं, त्या अटकांना लंडनहून मंजुरी मिळाली तेव्हा चर्चिल परदेशात होता आणि कॅबिनेटच्या खुर्चीत ॲटली बसला होता. म्हणजे नुसत्या चर्चिलला शिव्या देऊन भागत नाही. सगळेच पक्ष सरकारात, मग लंडनमध्ये आपल्या बाजूने जोर लावणार कोण? 1943 मध्ये बंगालमध्ये दुष्काळात तीसेक लाख माणसं गेली, एमरी धान्याची जहाजं मागत राहिला, वॉर कॅबिनेटने दिली ती अगदी तुटपुंजी. त्या कॅबिनेटमध्ये कामगारांचे कैवारी पण होते, आणि हे मला आजही पचत नाही.

शेवट कसा झाला ते थोडक्यात. मे 1945 मध्ये जर्मनी शरण आल्यावर चर्चिलचं म्हणणं होतं की जपान हरेपर्यंत असंच चालू ठेवू. मजूर पक्षाने ब्लॅकपूलच्या अधिवेशनात नाही म्हटलं, 23 मे ला आघाडी संपली. प्रचारात चर्चिलने रेडिओवर सांगितलं की समाजवाद्यांना गेस्टापोसारखं, म्हणजे हिटलरच्या गुप्त पोलिसांसारखं काहीतरी आणावं लागेल, आणि हे कुणाबद्दल, तर पाच वर्षं शेजारी बसून राज्य चालवलेल्या माणसांबद्दल. लोकांनी त्या माणसांचं काम रेशनच्या रांगेत, कारखान्यात, आसऱ्याच्या बंकरमध्ये बघितलेलं होतं. 26 जुलैला निकाल लागला, मजूर पक्ष 393. ॲटली पंतप्रधान, बेव्हिन परराष्ट्रमंत्री. आणि मार्च 1946 मध्ये सत्तांतराची बोलणी करायला जे तिघे मंत्री दिल्लीत उतरले, त्यातले दोघं, क्रिप्स आणि अलेक्झांडर, याच युद्धकाळातल्या सरकारात मंत्री होते.