कारखान्याच्या शॉपवर नव्याने रुजू होणाऱ्या इंजिनीअरला पत्र

प्रिय,
अनेक आशीर्वाद.

चाकणला ट्रेनी इंजिनीअर म्हणून रुजू व्हायची तारीख ठरली, हे कळून फार बरं वाटलं. पहिले काही महिने तुझं मशीनचं ज्ञान कुणी फारसं तपासणार नाही, ते कामाने येतं हे सगळेच जाणतात. तुझा निरोप मात्र पहिल्या दिवसापासून तपासला जाईल. निरोप वाचून समोरच्याला निर्णय घेता आला तर तो पुरा. त्याला उलट फोन करून चार गोष्टी विचाराव्या लागल्या, तर तो अर्धा. ही कसोटी मनात ठेवून पुढचं वाच.

समज, सेकंड शिफ्टला बोअरचं, म्हणजे नगात कोरलेल्या भोकाचं, माप ड्रॉइंगच्या हद्दीबाहेर गेलं. नवी मुलं ग्रुपवर लिहितात, "सर, सीएनसी तीनवर प्रॉब्लेम आहे, बोअर आउट येतोय, बघतोय." घरी जेवायला बसलेल्या माणसाने यावरून काय ठरवायचं? त्याऐवजी असं लिही:

"सीएनसी ३, हाउसिंग, बोअर अंडरसाइज. ड्रॉइंगला ३२.००० ते ३२.०२५, मिळतंय ३१.९९१ ते ३१.९९६. रात्री ९.४० च्या तपासणीत सापडलं, आधीची ओके तपासणी ८.३० ची. मधले सगळे ४६ नग टॅग लावून लाल बिनमध्ये. पुढच्या ऑपरेशनला एकही गेलेला नाही, मोजून खात्री केली. मशीन थांबवलंय. इन्सर्ट झिजला असावा, बदलून पहिला नग तपासतो आणि १०.१५ ला कळवतो. तोपर्यंत लोड सीएनसी ५ वर घेऊ का?"

यातली प्रत्येक गोष्ट कुणाच्या तरी निर्णयासाठी आहे. बोअर लहान आलाय म्हणजे धातू अजून शिल्लक आहे, बहुतेक नग रिवर्क होतील. मोठा आला असता तर ते भंगारात गेले असते. नुसतं "आउट" लिहिलं की हा फरकच कळत नाही, आणि उद्याच्या डिस्पॅचचा हिशेब त्यावरच चालतो. शेवटच्या ओके तपासणीची वेळ हवी, कारण संशयित माल तिथून पुढचा धरतात. ती वेळ नसेल तर सगळी शिफ्ट अडवावी लागते.

आता "इन्सर्ट झिजला असावा" याकडे बघ. इन्सर्ट म्हणजे टूलच्या टोकाचा, बदलता येणारा कापणारा तुकडा. मुद्दाम तसं लिहिलंय. पहिल्या निरोपात कारण ठामपणे लिहिलंस की तेच वरच्या साहेबांच्या तोंडी जातं, तिथून ग्राहकाकडे जातं, आणि दोन दिवसांनी खरं कारण नग पकडणाऱ्या फिक्स्चरमध्ये अडकलेली धातूची चिप निघाली तर सगळ्यांना शब्द मागे घ्यावा लागतो. ८डी रिपोर्ट, म्हणजे दोष सोडवण्याचा आठ पायऱ्यांचा अहवाल, तुला लवकरच भरावा लागेल. फोर्डने १९८७ मध्ये मांडलेल्या त्या पद्धतीत तिसरी पायरी माल अडवण्याची आहे आणि मूळ कारण चौथ्या पायरीवर येतं. निरोपातही तोच क्रम ठेव.

"आधी कारण शोधू, मग कळवू" हा मोह सगळ्यांत महागात पडतो. मशीन चालू राहिलं तर दीड मिनिटाला एक या हिशेबाने अर्ध्या तासात आणखी वीस नग वाया. वाईट बातमी लवकर सांगणाऱ्यावर कुणी क्षणभर चिडेलही, पण ती दडवणाऱ्यावर पुन्हा विश्वास बसत नाही. लाइन थांबली असेल तर आधी फोन, मग लेखी. रात्री ग्रुप म्यूट असतात. आणि १०.१५ म्हटलंस तर १०.१५ ला कळवच, भले "अजून माप आलेलं नाही, १०.४५ ला सांगतो" एवढंच असो.

ऑपरेटरशी बोलताना जपून. बरेच जण तुझ्या वयाइतकी वर्षं मशीनवर उभे आहेत. त्यांना दादा, काका, मामा जे तिथे म्हणत असतील ते म्हण, आणि कायम "तुम्ही". हातात पॅड घेऊन समोर उभं राहून "का झालं?" असं पाच वेळा विचारलं की ती उलटतपासणी होते आणि माणूस मिटतो. "काय दिसलं? कधीपासून? आवाज बदलला का? ऑफसेट कुणी, किती दिला?" असं विचार. (ऑफसेट म्हणजे माप जुळवायला मशीनमध्ये भरलेली टूलच्या जागेची दुरुस्ती.) खरं कारण बहुतेक वेळा या उत्तरांतच असतं. ज्याने सांगितलं त्याचं नाव चांगल्या कामासाठी रिपोर्टमध्ये येऊ दे.

शिफ्ट सोडताना रजिस्टरमध्ये किती झाले, किती नापास आणि कशाने, होल्डवरचा माल कुठे ठेवलाय, कोणता ऑफसेट किंवा टूल बदललं, काय अर्धवट राहिलं, हे पुढची शिफ्ट वाचेल त्या भाषेत लिही. बदललेला ऑफसेट लिहायचा राहिला तर पुढचा माणूस तोच पुन्हा देतो आणि माप दुसऱ्या टोकाला जातं. नुसतं लिहून निघू नकोस. मशीनपाशी उभं राहून दोन मिनिटं बोल.

साहेबांनी काम सांगितलं की लगेच परत म्हणून दाखव: "म्हणजे आधी डाव्या बाजूचे दोनशे, मग सेटअप बदलायचा, बरोबर?" न कळता "हो सर" म्हणू नकोस. अडलं तर काय दिसतंय, काय करून पाहिलं, कुठे अडलंय, या क्रमाने विचार.

मेलचं फार अवघड नाही. विषयात पार्ट, काय हवं आणि कधीपर्यंत. ज्याने काम करायचं तो "टू"मध्ये, ज्याला नुसतं माहीत हवं तो "सीसी"त. सप्लायरच्या साहेबांना पहिल्याच मेलला सीसीत घालू नकोस. आधी फोन, मग आठवण, आणि तरीही हललं नाही तर त्याला सांगून. परदेशी ग्राहकाला ५/६ लिहू नकोस, अमेरिकेत ते ६ मे होतं. "५ जून" असं अक्षरी लिही. फाइल आधी जोड, पत्ता शेवटी टाक. जीमेलमध्ये पाठवलेला मेल मागे घ्यायला मुळात ५ सेकंद मिळतात, सेटिंगमध्ये ते ३० करून ठेव. दोषाचा फोटो काढताना शेजारी स्टील रूल आणि टॅग दिसू दे, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर तो डॉक्युमेंट म्हणून पाठव, नाहीतर बारीक ओरखडा पुसट होतो.

पहिल्या आठवड्यात मोकळा वेळ मिळेल तेव्हा मागच्या महिन्याचं शिफ्ट रजिस्टर मागून घे आणि सगळं वाच. कोणती नोंद वाचून काम सुरू करता येतं आणि कोणती वाचून फोन करावा लागतो, हे तुझं तुलाच दिसेल.

कळावे.